डाव्या हाताचे वेढे

मंगळवारी सकाळी साडेनऊ वाजता काडीने चौथ्या मजल्यावरच्या गच्चीचं दार उघडलं. सामान सगळं जागेवर होतं. द्राक्षाच्या वेली आदल्या दिवसापासून जस्ताच्या टबात भिजत पडल्या होत्या, कारण कोरडी वेल वाकवली की मोडते. शेवंतीच्या बारा कुंड्या भिंतीशी रांगेने उभ्या होत्या. वाळलेल्या गवताच्या पेंड्या, मुठीएवढे भोपळे, पाइनची फळं आणि लाल मण्यांसारखी फळं धरलेल्या फांद्या टेबलावर होत्या. टेबलाच्या दोन बाजूंना दोन स्टुलं होती. त्यातल्या एका स्टुलावर बसायला या वर्षी कोणी नव्हतं.

काडी हे तिचं खरं नाव नव्हे. पानगळ सुरू झाली की लोकांच्या गच्च्या आणि बाल्कन्या सजवून देणं हा तिचा धंदा. अकरा वर्षांपूर्वी ती या घरी पहिल्यांदा आली, तेव्हा घरच्या काकूंनी तिचं काम दोन मिनिटं पाहिलं आणि म्हणाल्या, "अगं काडीपैलवान, हे कडं आहे की कावळ्याचं घरटं? सरक, मी दाखवते." काकूंनी तरुणपणी फुलांच्या दुकानात काम केलं होतं. त्या दिवसापासून ती काडी झाली, आणि या गच्चीसाठी वेल वाकवून गवत-फांद्यांनी सजवायची पाच गोल कडी दरवर्षी दोघी मिळून बांधू लागल्या. चार कठड्यावर टांगायची, एक दारावर.

बांधायची रीत काकूंची होती. वेलीचं गोल कडं टेबलावर मधोमध ठेवायचं आणि दोघींनी समोरासमोर बसायचं. तळाच्या एकाच जागेपासून सुरुवात करून काडीने एका बाजूने वर जायचं, काकूंनी दुसऱ्या बाजूने. गवताची जुडी, तारेचे वेढे, फांदी, पुन्हा वेढे, असं करत दोघी माथ्यावर भेटायच्या. काकू डावखुऱ्या. त्यामुळे त्यांचे वेढे काडीच्या वेढ्यांच्या उलट तिरके पडत आणि सबंध कड्यावर गव्हाच्या लोंबीसारखी नक्षी उमटे. एकट्या माणसाला ते साधत नाही.

माथ्यावर पोचल्यावर काडी आपली तार पिळून कापायची. तिचं टोक बोटाला लागायचं. काकूंच्या तारेचं टोक मात्र कधी कुणाला सापडलं नाही. शेवटच्या वेढ्यांना त्या उजव्या हाताने सगळं झाकून धरायच्या.

"जातं कुठे ते?" काडी दरवर्षी विचारायची.

"ते सांगितलं तर मला कोण विचारील? मी मेल्यावर सांगीन."

काकूंना जाऊन आता नऊ आठवडे झाले होते. दुपारी जेवून आडव्या झाल्या आणि चार वाजता चहाला उठल्या नाहीत.

काका चहा घेऊन गच्चीत आले. कप अर्धाच भरलेला होता. छापखान्यात चाळीस वर्षं त्यांनी खिळे जुळवले होते, एकेक अक्षर चिमटीने उचलून. आता कंपवाताने दोन्ही हात सतत थरथरायचे आणि पूर्ण भरलेला कप त्यांना पेलायचा नाही.

"काका, या वर्षी कडी राहू देत," काडी म्हणाली. "शेवंती लावते, भोपळे मांडते, गवताच्या पेंड्या कोपऱ्यात उभ्या करते. छान दिसेल."

"शनिवारी मुलगी येतेय."

"मग काय झालं?"

"तिने म्हाताऱ्यांच्या एका घरात खोली बघून ठेवलीय माझ्यासाठी. शनिवारी संध्याकाळपर्यंत त्यांना हो की नाही कळवायचंय." काका काकूंच्या स्टुलाकडे बघत बोलत होते. "ती म्हणते, आई गेल्यावर तुमचं सगळं विस्कटलंय. तिला गच्ची दरवर्षीसारखी दिसली पाहिजे. पाचही कडी. तिथे घंटा वाजली की जेवतात, काडी. मला इथून हलायचं नाही."

काडीने बाह्या वर सरकवल्या. तिने पहिली वेल टबातून काढली.

तिची बाजू अकरापर्यंत झाली. मग ती उठून काकूंच्या बाजूला गेली आणि तार डाव्या हातात घेतली. वेढे सैल पडले. गवत सुटून मांडीवर आलं. तिने ते तीनदा उसवलं आणि तीनदा पुन्हा बांधायला घेतलं. चौथ्यांदा तारेने तिचा अंगठा कापला, तेव्हा तिने तार खाली ठेवली. दुपारभर कुंड्या लावल्या. पाच वाजता ती निघाली तेव्हा कडं टेबलावर तसंच होतं, अर्धं भरलेलं आणि अर्धं उघडं.

बुधवारी सकाळी ते पूर्ण होतं.

काडीने ते उचलून उजेडात धरलं. दुसऱ्या बाजूचे वेढे उलट तिरके होते, घट्ट आणि एकसारख्या अंतरावर. माथ्यावर तिने बोट फिरवलं. तिच्या स्वतःच्या तारेचं टोक बोटाला लागलं, दुसरं लागलं नाही.

"चांगलं झालंय ना?" काका दारातून म्हणाले.

"कोणी केलं, काका?"

काकांनी तिच्याकडे असं पाहिलं, जसं वाचता न येणाऱ्या माणसाकडे बघतात. "वेढे उलटे आहेत. उलटी अक्षरं वाचण्यात जन्म गेला माझा, मला ते लगेच दिसतं. या घरात डावखुरं कोण होतं?"

काडी कामाला लागली. थोड्या वेळाने तिने तारेचा एक तुकडा पुढे केला. "काका, एवढी जरा धरा हो, मी दुसरीकडून ओढते." काकांनी धरली. तार त्यांच्या बोटांत नळाखालच्या पानासारखी हलली आणि टेबलाखाली पडली. ते खाली वाकणार तेवढ्यात काडीनेच ती उचलली. तिला जे बघायचं होतं ते तिने पाहिलं होतं, आणि ते पाहून तिला बरं वाटलं नव्हतं.

गच्चीला एकच दार होतं आणि ते काकांच्या खोलीतून होतं. घराची किल्ली काका, मुलगी आणि काडी या तिघांकडेच होती. मुलगी पाच तासांच्या अंतरावर राहायची. तीन बाजूंना चार मजले खोल रस्ता होता. काडीने हे सगळं मनाशी क्रमाने लावून पाहिलं, आणि त्यातून काहीच निघालं नाही.

त्या दिवशी तिने दुसऱ्या आणि तिसऱ्या कड्याची आपली बाजू बांधली. जाताना हिरव्या तारेची दोन्ही रिळं पिशवीत टाकून घरी नेली. गच्चीवर तारेचा वीतभर तुकडाही ठेवला नाही.

गुरुवारी सकाळी दोन्ही कडी पूर्ण होती. काकूंच्या बाजूचे वेढे तपकिरी तारेचे होते.

काडीला ती तार माहीत होती. काकूंच्या दुकानाच्या दिवसांतलं जुनं रीळ होतं ते. काकू ते बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवत आणि अडीनडीलाच काढत. डबा खोलीतल्या फळीवर होता. झाकण इतकं गच्च बसलं होतं की ते काढायला काडीला पेचकस घालावा लागला. आत रीळ होतं. त्यावरची तार गंजून काळपट झाली होती. फक्त सुटं टोक लखलखीत होतं, नुकतंच कापल्यासारखं.

"ती स्वतःचीच तार वापरते," काका मागून म्हणाले. "तुझी हिरवी तिला कधी आवडली नाही. खेळण्यातली म्हणायची."

"काका, हे कुणाजवळ बोलू नका. निदान शनिवारपर्यंत."

"काल मुलीचा फोन आला होता."

काडीने डबा खाली ठेवला. "काय सांगितलंत तुम्ही तिला?"

"तिने विचारलं, गच्चीचं काम कुठवर आलं? म्हटलं, होतंय. आई आणि काडी, दोघी करतायत."

"काका!"

"मग काय, खोटं बोलायला हवं होतं?"

"हो!"

काका ओशाळले. "एवढ्या वर्षांची सवय," ते म्हणाले. "तोंडात तेच आलं."

काडी चौथ्या कड्यावर बसली. काम करताना तिने समोर बघायचं टाळलं. समोर बघितलं की स्टूल दिसायचं. काकूंची एक सवय होती, जुडी बरोबर बसली की जिभेने 'टक्' करायची. दुपारी दोनच्या सुमाराला काडीने जुडी बसवली आणि तो आवाज ऐकला. तिने मान वर केली. वारा आला होता आणि खालच्या झाडांची पानं कठड्यावरून आत पडत होती. वाळलेलं पान फरशीवर पडलं तरी आवाज होतो. तिने तसं स्वतःला सांगितलं आणि त्या दिवशी चार वाजताच घरी गेली.

शुक्रवारी चौथं कडं पूर्ण होतं. काकूंच्या स्टुलावर फ्लॅनेलची एक पट्टी पडली होती. थंडी सुरू झाली की काकूंचं डावं मनगट दुखायचं आणि काम झाल्यावर त्या ते या पट्टीने गुंडाळायच्या. काडीने पट्टीला हात लावला नाही. काकांनी ती उचलून खिशात ठेवली.

पाचव्या कड्याला तिने शुक्रवारी हातच घातला नाही. भोपळे मांडले, पेंड्या कोपऱ्यांत उभ्या केल्या, झाडून घेतलं. शनिवारी सकाळी आठला येऊन तिने आपली बाजू बांधली. दुसरी बाजू उघडीच होती. अकरा वाजता मुलगी आली.

मुलगी विमा कंपनीत नुकसानीची पाहणी करायची. जळालेली गोदामं आणि बुडालेली तळघरं बघून काय खरं आणि काय रचलेलं ते ठरवणं हे तिचं रोजचं काम. हनुवटी हुबेहूब काकूंची. तिने वडिलांच्या खांद्यावर हात ठेवला, हाताला हात लावून पाहिला आणि बॅग न आणताच थेट गच्चीवर आली.

"काडी म्हणजे तूच ना? बस, उठू नकोस." तिने चारही कडी टेबलावर मांडली आणि एकेक उलटून पाहिलं. "ही बाजू तुझी. हिरवी तार, वेढे असे. ही बाजू कुणाची?"

काडी हातातली जुडी उलटसुलट करत राहिली.

"बाबा, रात्री गच्चीवर येता तुम्ही?"

"नाही."

"मग हे कोण करतं?"

काका खिशातल्या पट्टीशी चाळा करत राहिले.

मुलीने खिशातून रुमाल काढला आणि डोळे पुसले. आवाज मात्र तिने बदलू दिला नाही. "हे बघ काडी. माझ्यापुढे दोनच शक्यता आहेत. एक, बाबा अंधारात उठून इथे येतात आणि या कमरेएवढ्या कठड्याशी बसून हे करतात, कसं ते मला कळत नाही, पण करतात. दोन, त्यांना आई दिसते. दोन्हींत मी त्यांना एकटं ठेवून परत जाऊ शकत नाही. मला ते घर आवडलंय म्हणून मी नेत नाहीये. मला भीती वाटते. तिसरं काही असेल तर सांग."

"मी केलं," काडी म्हणाली.

"काय केलंस?"

"दोन्ही बाजू. काकूंनी शिकवलं होतं. डाव्या हाताने."

"आणि तार?"

"काकूंच्या डब्यातली. त्यांची बाजू म्हणून त्यांची तार. काकांना बरं वाटावं म्हणून बोलले नाही. ते आपले म्हणतात, काकूंनी केलं. एवढंच आहे ते."

मुलीने पाचव्या कड्याकडे पाहिलं. त्याची दुसरी बाजू रिकामी होती. तिने खोलीतून डबा आणला आणि त्यातलं रीळ काढून टेबलावर ठेवलं.

"करून दाखव," ती म्हणाली.

काडी उठली. टेबलाला वळसा घालून दुसऱ्या बाजूला गेली आणि अकरा वर्षांत पहिल्यांदा काकूंच्या स्टुलावर बसली. स्टूल थंड होतं. तिने मंगळवारचा अंगठा आठवला, मांडीवर सुटलेलं गवत आठवलं. पुढच्या पाच मिनिटांत काय होणार ते तिला स्पष्ट दिसत होतं. गवत सुटेल, मुलगी फोन उचलेल, काका घंटेवर जेवतील. तिने तार डाव्या हातात घेतली.

हाताने तार ताणली.

तिला वाटलं होतं तेवढी ती जड नव्हती. पहिला वेढा बसला. दुसरा त्याच्या कडेला, दाणाभर अंतर सोडून. उजव्या हाताने जुडी आणून ठेवली, डाव्याने तिच्यावरून तार नेली, अंगठ्याने दाबली, वेलीखालून परत आणली. काडी नुसती पाहत होती, काहीच ठरवत नव्हती. हात पुढे जात होता आणि ती त्याच्या मागे होती. जुडी, वेढे, फांदी, वेढे. एकदा जुडी बरोबर बसली तेव्हा तिच्या जिभेने 'टक्' केलं. काकांनी डोळे मिटले.

चाळीस मिनिटं गेली. माथ्याला तीन बोटं अंतर राहिलं तेव्हा काडीचा उजवा हात उचलला गेला आणि कड्यावर पालथा पडला.

"हात काढ," मुलगी म्हणाली. "मला बघायचंय."

काडीने हात काढला. तिलाही बघायचं होतं.

डाव्या हाताने तार कापली. टोक मागे वळवलं, मागच्या तीन वेढ्यांच्या पोटातून उलट नेलं, पाइनच्या फळाच्या खवल्याखाली बाहेर काढलं आणि वेलीच्या डोळ्याशी, कोंब फुटतो तिथे, जी बारीक चीर असते, तिच्यात नखाने रुतवलं. हे इतकं झटकन झालं की काडीला एवढंच कळलं, हे आपण आता पहिल्यांदा पाहिलं. मग तिला काकूंचं दरवर्षीचं उत्तर आठवलं. मी मेल्यावर सांगीन.

मुलीने कडं घेतलं. उजवा तळहात आईच्या बाजूवरून आतून सगळीकडे फिरवला, हळू, दोनदा.

"मी सहा वर्षांची असताना तारेचं टोक माझ्या तळहातात घुसलं होतं," ती म्हणाली. "चार टाके पडले. त्यानंतर आईने टोक कधी उघडं ठेवलं नाही. मी कितीदा मागे लागले, दाखव म्हणून. मला नाही दाखवलं." तिने काडीकडे पाहिलं. "तुला शिकवलं?"

"हो."

"कधी?"

"खूप उशिरा," काडी म्हणाली.

मुलगी कठड्यापाशी जाऊन उभी राहिली. पाच मिनिटांनी तिने फोन लावला. "मी खोलीसंदर्भात बोलतेय. नको आहे ती. हो, नक्की. दुसऱ्या कुणाला द्या." फोन खिशात ठेवून ती वडिलांसमोर येऊन उभी राहिली. "आणि तुम्ही फोनवर असलं काही बोलत जाऊ नका हो, बाबा. जीव जातो माझा. रात्रभर झोपले नाही मी."

"बरं," काका म्हणाले.

"बरं काय? शपथ घ्या."

"बरं म्हटलं ना. जेवणार आहेस की पाहणीच करणार आहेस?"

मुलगी हसली, मग रडली, मग खाली गाडीतून बॅग आणायला गेली. आजची रात्र राहणार होती.

काडीने पाचही कडी टांगली. गच्ची दरवर्षीसारखी दिसू लागली. तिने पिशवी भरली आणि दाराशी आली, तेव्हा काकांनी विचारलं, "मनगट दुखतंय?"

ती त्याबद्दल काहीच बोलली नव्हती.

"कुठे?"

तिने डाव्या अंगठ्याच्या मुळाखालचं हाड दाखवलं.

"तिथेच," काका म्हणाले आणि खिशातली पट्टी तिच्या हातात ठेवली. "गरम ठेव. नाही तर उद्या चमचा धरवणार नाही."

जिन्यात आल्यावर काडीने कोटाची बटणं डाव्या हाताने लावून पाहिली. जमेना. हात पुन्हा तिचा होता, पहिल्यासारखाच अडाणी. दुखणं मात्र गेलं नव्हतं. तिसऱ्या मजल्याच्या वळणावर ती पायरीवर बसली आणि पट्टी गुंडाळू लागली. फ्लॅनेलला जुन्या घड्या पडलेल्या होत्या. त्या तिच्या मनगटावर अचूक बसल्या.

वरून काकांचा आवाज आला. घराचं आणि गच्चीचं, दोन्ही दारं उघडी असावीत.

"झालं ना मनासारखं?" ते म्हणाले. मग एका उत्तराला लागेल एवढा वेळ शांतता होती. मग ते हसले. "काडी म्हणाली ना, खूप उशिरा म्हणून. मी मनात म्हटलं, आता हसू आवर, नाही तर पकडले जाऊ."

खालून पावलं वाजली. मुलगी बॅग घेऊन दुसऱ्या मजल्यावर पोचली होती.

"निघालीस?" तिने धापा टाकत विचारलं. "हाताला काय झालं?"

"तार लागली जरा."

"बाबा एकटेच आहेत ना वर?"

वर काका अजून बोलत होते. शब्द कळत नव्हते, पण बोलण्याची लय कळत होती. थोडं बोलणं, थोडी शांतता, पुन्हा बोलणं. मुलगी आणखी एक पायरी चढली असती तर तिलाही ऐकू आलं असतं.

काडी उठली, तिच्या आडवी आली आणि बॅगेचा बंद पकडला. "द्या इकडे, मी नेते," ती म्हणाली. मग मान वर करून जिन्याच्या पोकळीत जोरात हाक मारली, "काका! ताई येतायत हो वर!"

वरचं बोलणं थांबलं.

"अगं, एवढं काय ओरडायचं?" मुलगी म्हणाली. "एकटेच आहेत ना?"

"हो," काडी म्हणाली, आणि बॅग उजव्या हातात घेऊन पुढे चढू लागली, सावकाश, एकेक पायरी.